पाणी तापवायचा खर्च लिटर-अंशांत मोजला तर

‘कोणता गिझर घेऊ?’ असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न टाकतो. रोज गरम पाणी किती लागतं, आणि ते एका दमात लागतं की दिवसभर थोडं थोडं? विचारणारा जरा हिरमुसतो. त्याला एका शब्दात उत्तर हवं असतं: सोलर, गॅस किंवा वीज. पण यातलं प्रत्येक उत्तर कुणाच्या तरी घरात सगळ्यात स्वस्त पडतं आणि दुसऱ्या कुणाच्या घरात सगळ्यात महाग. आपल्या घराचं उत्तर काढायला कागद, पेन आणि शाळेतला गुणाकार-भागाकार एवढंच लागतं.

एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापवायला एक किलोकॅलरी उष्णता लागते. म्हणून लिटर आणि अंश यांचा गुणाकार केला की काम किती आहे ते कळतं. याला मी माझ्यापुरतं ‘लिटर-अंश’ म्हणतो. २० लिटरची बादली २० अंशांवरून ४२ अंशांवर न्यायची तर २० गुणिले २२, म्हणजे ४४० लिटर-अंश. आता विजेचं एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी. ४४० ला ८६० ने भागा. एका बादलीला अर्ध्या युनिटाहून किंचित जास्त उष्णता लागते.

एवढी उष्णता पाण्यात शिरल्याशिवाय ते ४२ अंशांवर जाणार नाही. जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो, यात सूट नाही. सूट मिळते ती दोनच ठिकाणी. ही उष्णता कुठून आणायची, आणि आणताना वाटेत किती सांडायची. बहुतेक लोक पहिल्या प्रश्नावर महिनोन्‌महिने चर्चा करतात आणि दुसऱ्याकडे बघतही नाहीत. म्हणून मी दुसऱ्यापासून सुरुवात करतो.

त्याआधी एक गैरसमज बाजूला सारू. ‘तो २००० वॉटचा आहे, बिल जास्त येईल.’ नाही येणार. २००० वॉटची कॉइल ती बादली साधारण पंधरा मिनिटांत तापवेल, १००० वॉटची अर्ध्या तासात. युनिटं तेवढीच. उलट उघड्या बादलीत हळूहळू तापवलं तर मधल्या वेळात वाफेवाटे थोडी उष्णता उडून जाते, म्हणजे कमी वॉटचं यंत्र कणभर महागच. आणखी एक गोष्ट ऐकायला विचित्र वाटेल. पाण्यात बुडालेली कोणतीही विजेची कॉइल, स्वस्तातल्या रॉडची असो की चकचकीत गिझरची, घेतलेली जवळजवळ सगळी वीज पाण्यालाच देते. तिथे सुधारणेला जागाच नाही. एकट्या माणसाला एकच बादली लागत असेल तर साधा रॉड गिझरपेक्षा कमी वीज खातो, कारण तो जेवढं पाणी हवं तेवढंच तापवतो आणि मागे काही उरत नाही. पण उघडा रॉड असलेल्या पाण्यात बोट घालून ‘तापलं का’ बघण्याची सवय जीवघेणी आहे. पिन काढल्याशिवाय पाण्याला हात लावायचा नाही, आणि कोरडा रॉड चालू करायचा नाही. घरात लहान मुलं असतील तर मी रॉडचा विचारच करणार नाही.

मग गिझरमध्ये वीज जाते कुठे?

टाकीच्या पत्र्यातून. टाकीभोवती उष्णतारोधक थर असतो, पण तो उष्णता थांबवत नाही, तिचा वेग कमी करतो. घरगुती लहान टाकी तापवून तशीच चालू ठेवली, नळ एकदाही उघडला नाही, तरी दिवसाला साधारण अर्धं ते एक युनिट नुसतं टाकी गरम राखण्यात जातं. आपली बादली अर्ध्या युनिटाची होती हे आठवा. म्हणजे एकटा माणूस गिझर दिवसरात्र चालू ठेवत असेल, तर तो स्वतःच्या आंघोळीइतकी किंवा तिच्या दुप्पट वीज न्हाणीघराची भिंत उबदार ठेवण्यात घालवतो. त्याच गिझरवर पाच माणसं असतील तर गळती तेवढीच राहते, पण ती पाच जणांत वाटली जाते.

इथे एक जुना वाद येतो. ‘बंद करून पुन्हा चालू केला की थंड पाणी तापवायला जास्त वीज लागते, त्यापेक्षा चालूच ठेवलेला बरा.’ हे चूक आहे, आणि का चूक आहे ते समजून घेण्यासारखं आहे. टाकीतली उष्णता किती वेगाने बाहेर जाते हे आतल्या आणि बाहेरच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. टाकी ६० अंशांवर धरून ठेवली तर ती सतत जास्तीत जास्त वेगाने गळते. बंद केली की पाणी हळूहळू निवतं, फरक घटतो, तशी गळतीही घटते. पुन्हा चालू केल्यावर आपण फक्त गळलेली उष्णता भरून काढतो, आणि ती नेहमी कमीच असते. टाकी उत्तम असेल आणि बंद ठेवण्याचा काळ तासाभराचा असेल तर फरक नगण्य. दहा-बारा तास असतील तर नगण्य नाही.

दुसरी गळती उरलेल्या पाण्याची. २५ लिटरची टाकी २० वरून ६० अंशांवर नेली की हजार लिटर-अंश, म्हणजे सव्वा युनिटाच्या जरा आत. वापरलं त्यातलं निम्मं, तर बाकीचं निम्मं निवत बसतं. म्हणूनच ‘मोठी टाकी घेऊन ठेवू, कधी पाहुणे आले तर’ हा विचार रोज थोडा थोडा महागात पडतो.

तिसरी गळती कुणी मोजतच नाही, आणि मला ती सगळ्यात जास्त टोचते. गिझर किंवा टाकीपासून नळापर्यंतचा पाइप. अर्धा इंची पाइप पंधरा मीटर लांब असेल तर त्यात सुमारे अडीच लिटर पाणी मावतं. नळ उघडला की आधी ते थंड पाणी वाया जातं, आणि नळ बंद केला की तेवढंच तापवलेलं पाणी पाइपात अडकून निवतं. दिवसातून चार वेळा, मध्ये अंतर ठेवून, हात धुण्यापुरता गरम नळ उघडला तर दहा लिटर ६० अंशांचं पाणी पाइपातच मेलं. म्हणजे ४०० लिटर-अंश, जवळजवळ एक आंघोळ. पाइपाला वेष्टण घातलं की लागोपाठच्या आंघोळींमध्ये फायदा होतो, पण पुढचा नळ सहा तासांनी उघडणार असेल तर वेष्टणही फारसं वाचवू शकत नाही. खरा उपाय गिझर नळाच्या जवळ ठेवणं. लांबच्या वॉश-बेसिनला मुख्य गिझरशी जोडण्यापेक्षा तिथे एक छोटा इन्स्टंट परवडतो.

इन्स्टंट म्हणजे टाकीच नाही किंवा नावापुरती आहे. त्यामुळे गळती जवळजवळ नाही. मग सगळ्यांनी तोच का घेऊ नये? कारण तो धारेला मरतो. ३ किलोवॉटचा इन्स्टंट पाणी २५ अंशांनी तापवायचं म्हटलं तर मिनिटाला पावणेदोन लिटरच देऊ शकतो. बेसिनला पुरेल, बादलीला धीर धरावा लागेल, शॉवरला पुरणार नाही. मिनिटाला ८ लिटरच्या शॉवरला २५ अंश चढवायचे तर सुमारे १४ किलोवॉट लागतात, आणि घरातली साधी वायरिंग तेवढा भार उचलत नाही. ज्यांना शॉवर हवा आणि टाकी नको, त्यांच्यासाठी गॅस गिझर हाच सोपा मार्ग राहतो.

गॅसचा हिशेब सोपा आहे. एक किलो एलपीजीमध्ये साधारण पावणेतेरा युनिटांइतकी उष्णता असते. चांगल्या गॅस गिझरमध्ये त्यातली ८० टक्के पाण्यात जाते, बाकीची धुरावाटे बाहेर. म्हणजे एक किलो गॅस बरोबर दहा युनिटं, असं धरून चाला. पाइपने येणाऱ्या नैसर्गिक वायूचा एक घनमीटर बरोबर आठ युनिटं. आपल्या बिलावरचे दर काढा. एक किलो गॅस दहा युनिटांपेक्षा स्वस्त पडत असेल तर साध्या विजेच्या गिझरपेक्षा गॅस स्वस्त, नाहीतर नाही. यात मताला जागाच नाही. स्वयंपाकाच्या शेगडीवर पातेल्यात पाणी तापवलं तर निम्म्याहून थोडीच जास्त उष्णता पाण्यात जाते, बाकीची पातेल्याच्या कडेने निसटते. गॅस तोच, पण किलोमागे दहाऐवजी सातच युनिटं पदरात पडतात.

बऱ्याच ठिकाणी गॅसच जिंकतो. कोळशावर चालणाऱ्या वीजकेंद्रात कोळशातल्या उष्णतेचा साधारण तिसरा हिस्साच वीज होऊन बाहेर पडतो. ज्वाळेतून वीज करायची, ती तारांनी घरी आणायची आणि तिची पुन्हा उष्णता करायची, हा द्राविडी प्राणायाम आहे. ज्वाळा घरीच लावली तर तो टळतो. पण ज्वाळा घरी आली की तिचा धोकाही घरी येतो. ‘गिझर’ हे नाव आइसलंडमधल्या उसळत्या गरम झऱ्यावरून आलं. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉन यांनी गॅसवर झटपट पाणी तापवणारं यंत्र काढलं आणि त्याला हे नाव दिलं. त्या यंत्राला धुराडं नव्हतं. ती चूक आजही घरोघर होते. बंद न्हाणीघरात गॅस गिझर लावला की हवेतला प्राणवायू कमी होतो, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला फक्त गळून गेल्यासारखं वाटतं, आणि दाराची कडी आतून लावलेली असते. गॅस गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत बसवायचा आणि त्याचा धूर बाहेर सोडायचा. जागा नसेल तर गॅस स्वस्त असला तरी घेऊ नये. इथे पैशाचा हिशेब थांबतो.

आता हीट पंप. सगळ्यात कमी समजलेलं यंत्र हेच, म्हणून जरा थांबू. विजेची कॉइल एका युनिटाची एक युनिट उष्णता करते, त्यापलीकडे जाणं शक्य नाही. हीट पंप उष्णता करतच नाही, तो ती उचलून आणतो. फ्रिज आतली उष्णता मागच्या जाळीतून खोलीत टाकतो, तसाच हा बाहेरच्या हवेतली उष्णता टाकीतल्या पाण्यात टाकतो. ओझं वाहणाऱ्याची मजुरी तेवढी आपण देतो. हवा उबदार असेल तर एका युनिटात तीन ते चार युनिटांइतकी उष्णता पाण्यात येते, कडाक्याच्या थंडीत ती दोनापर्यंत उतरते. तिनाचा गुणक धरला तर आपल्या बादलीला अर्ध्याऐवजी युनिटाचा सहावा हिस्सा पुरतो. गॅसशी तुलना करायची तर किलोला दहाऐवजी सव्वातीन-साडेतीन युनिटं धरा. गॅस त्याहून स्वस्त मिळणं अवघड.

पण हीट पंपाला खोड्या आहेत. तो सावकाश चालतो. २०० लिटर पाणी २० वरून ५५ अंशांवर न्यायचं तर सात हजार लिटर-अंश, म्हणजे आठ युनिटांहून थोडी जास्त उष्णता, आणि घरगुती पंप ती ओतायला चार-पाच तास घेतो. म्हणून त्याला मोठी टाकी लागते, आणि टाकी आली की तिची गळती आली. तो आवाज करतो, आणि आजूबाजूची हवा गार व कोरडी करतो. गरम हवेच्या ठिकाणी ही फुकटची मेहेरबानी. थंड प्रदेशात मात्र तोच पंप उबदार खोलीत ठेवला तर तो आपण पैसे मोजून तापवलेली हवाच पाण्यात ओततो आणि हिशेबाची माती करतो. शिवाय पाणी जितकं जास्त तापवाल तितका त्याचा गुणक घसरतो. ५० अंशांना जो पंप छान चालतो तो ६५ ला धापा टाकतो.

सूर्याचं पाणी फुकट, पण सूर्यापासून नळापर्यंतचं सामान फुकट नाही. निरभ्र दिवशी एक चौरस मीटरवर साधारण पाच युनिटांइतकी उष्णता पडते, आणि सोलर हीटर त्यातली निम्मी पाण्यात उतरवतो. दोन चौरस मीटरचे पाच युनिट, म्हणजे ४३०० लिटर-अंश. १०० लिटर पाणी २० वरून थेट ६३ अंशांवर. ऊन असलेल्या दिवसांपुरतं याला तोड नाही. अडचण अशी की सूर्य दुपारी तापवतो आणि आंघोळ बहुतेकांना सकाळी लागते. सुरुवातीच्या सोलर हीटरमध्ये टाकीच काचेखाली उन्हात ठेवलेली असे, ती रात्री गार पडे. १९०९ मध्ये कॅलिफोर्नियात विल्यम बेली यांनी तापवणारा भाग आणि साठवणारी टाकी वेगळी केली, टाकीला उष्णतारोधक थर दिला आणि यंत्राला नावच ‘डे अँड नाइट’ ठेवलं. गरम पाणी हलकं होऊन आपोआप वर चढतं, म्हणून टाकी वर आणि तापवणारा भाग खाली. पंप लागतच नाही. आजचे छतावरचे बरेचसे हीटर याच तत्त्वावर चालतात.

सोलरवाल्यांच्या दोन चुका मला वारंवार दिसतात. एक म्हणजे छतापासून खाली येणारा लांबलचक, उघडा पाइप. वरच्या अडीच लिटरांचा हिशेब इथे दुप्पट-तिप्पट होतो. दुसरी चूक मजेशीर आहे. ढगाळ दिवसासाठी टाकीत विजेची कॉइल असते, ती लोक थर्मोस्टॅटवर कायम चालू ठेवतात. मग पहाटेच टाकी विजेवर तापून तयार असते, सूर्य उगवतो आणि त्याला करायला कामच उरत नाही. ही कॉइल सूर्यास्तानंतर, पाणी खरंच गार आहे हे बघून, हाताने चालू करायची असते.

छतावर वीज करणाऱ्या सौर पट्ट्या असतील तर गणित पुन्हा बदलतं. पट्टी उन्हातली साधारण २० टक्के ऊर्जाच वीज करते, म्हणून त्या विजेवर साधी कॉइल चालवणं पाणी तापवणाऱ्या सोलरपुढे फिकं पडतं. पण तीच वीज हीट पंपाला दिली तर वीस गुणिले तीन, साठ टक्के. बरोबरी झाली, वर टाकी भरल्यावर उरलेली वीज इतर कामाला मोकळी.

पाण्यातले क्षार हा आणखी एक खर्च. जड पाणी तापलं की त्यातला चुना कॉइलवर बसतो, आणि साधारण ६० अंशांच्या पुढे तो झपाट्याने बसतो. विजेच्या गिझरमध्ये याने वीज फारशी जास्त लागत नाही, कारण उष्णतेला पाण्यावाचून जायला दुसरी वाट नसते. पण कॉइल आतल्या आत तापून जळते. गॅस गिझरमध्ये मात्र दुसरी वाट असते, धुराडं. तिथे चुन्याचा थर चढला की पाण्यात न शिरलेली उष्णता थेट बाहेर जाते आणि गॅस जास्त लागतो.

मग थर्मोस्टॅट खाली आणावा का? लहान टाकी, रोज तापवून रोज रिकामी होत असेल तर ५० अंश पुरे. मोठ्या साठवणीच्या टाकीत मी काटकसर करणार नाही. १९७६ मध्ये फिलाडेल्फियातल्या एका अधिवेशनानंतर न्यूमोनियाची साथ पसरली आणि त्यातून लिजिओनेला हा जंतू माहीत झाला. त्याला कोमट पाणी मानवतं, ६० अंशांच्या पुढे तो मरतो. म्हणून मोठी टाकी ६० ला ठेवावी. हीट पंप किंवा सोलरचं पाणी त्याहून कमी राहत असेल तर आठवड्यातून एकदा ६० च्या वर न्यावं. मात्र ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत कातडी भाजतं, तेव्हा नळाशी थंड पाणी मिसळण्याची सोय हवी.

आता किमतीचा प्रश्न, आणि इथे वापराचा नमुना निकाल देतो. चार माणसं, प्रत्येकी ३० लिटर, पाणी २० अंशांनी तापवायचं: २४०० लिटर-अंश, दिवसाला २.८ युनिटं. वर्षभर गरम पाणी लागत असेल तर हजारभर युनिटं. हीट पंप त्यातली दोन तृतीयांश, म्हणजे ६८० च्या आसपास वाचवतो, दहा वर्षांत ६८००. साध्या गिझरपेक्षा हीट पंप जितका महाग आहे ती रक्कम आपल्या युनिटाच्या दराने भागा. उत्तर ६८०० च्या बरंच खाली असेल तर घ्या. पण हेच घर वर्षातून तीनच महिने पाणी तापवत असेल तर दहा वर्षांची बचत १७०० युनिटांवर येते. एकटा माणूस असेल तर त्याहूनही कमी, आणि मोठ्या टाकीची गळती त्यातलाही मोठा घास घेते. तिथे लहान टाकीचा साधा गिझर, गरजेपुरता चालू, हाच शहाणा. सोलरलाही हाच भागाकार लावा, फक्त वर्षातले ढगाळ दिवस वजा करून.

यंत्र न बदलता होणारी सगळ्यात मोठी बचत शॉवरमध्ये आहे. जुना शॉवर मिनिटाला १२ लिटर सोडत असेल आणि त्याजागी ७ लिटरवाला बसवला, तर आठ मिनिटांच्या आंघोळीत ४० लिटर वाचतात. गुणिले २० अंश, म्हणजे ८०० लिटर-अंश. दर आंघोळीला जवळजवळ एक युनिट. आपला शॉवर किती सोडतो ते कळायला त्याखाली बादली धरा आणि ती किती सेकंदांत भरते ते मोजा.

आणि नवा गिझर घेण्याआधी जुन्याची गळतीही मोजून बघा. रात्री पाणी तापवून दिवा विझू द्या आणि बटण बंद करा. बारा तास नळाला हात लावू नका. मग बटण चालू करून दिवा पुन्हा विझेपर्यंत किती मिनिटं लागतात ते घड्याळावर बघा. गिझर २ किलोवॉटचा आणि वेळ दहा मिनिटं असेल तर बारा तासांत युनिटाचा तिसरा हिस्सा गळला, दिवसाला पाऊण युनिटाच्या आसपास. वीस मिनिटं लागली तर टाकीचा थर गेलाय. पाच लागली तर टाकी चांगली आहे, आणि बिल कशाने फुगतंय ते पाइपात नाहीतर शॉवरमध्ये शोधायला हवं.